मूल गेलेल्या घरात काय बोलावं, काय लपवू नये

मूल गेल्यावर काय करावं, असं विचारणाऱ्या वाचकांच्या पत्रांतली घरं वेगळी, आजारांची नावं वेगळी, गोंधळ मात्र तोच. म्हणून यावेळी हे प्रश्न एकत्र घेते आहे.

शेजाऱ्यांचा सहा वर्षांचा मुलगा डेंग्यूने गेला. भेटायला जाऊन काय बोलावं तेच सुचत नाही.

नसेल सुचत तर बोलू नका, पण जा. 'देवालाही आवडला', 'एक आहे ना अजून पदरी', 'वय आहे, होईल दुसरं' ही वाक्यं मात्र घरी ठेवून जा. मुलाचं नाव घ्या. लोक नेमकं तेच टाळतात आणि आईबाप तेच ऐकायला आसुसलेले असतात. डबा न्या. मृत्यूचा दाखला, रुग्णालयाची बिलं यांसाठी कुणी धावायला हवं आहे का, विचारा. आणि महिन्याने पुन्हा जा. तोवर बाकीच्यांचं येणं थांबलेलं असतं.

सुनेचं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. आता छाती दुधाने भरून दुखते. शेजारणी घट्ट पट्टा बांधायला सांगतात.

बांधू नका. त्याने सूज आणि गाठी वाढू शकतात. बाळ नसलं तरी दोन-चार दिवसांत दूध येतंच, आणि हे त्या बाईला आधी कुणीच सांगितलेलं नसतं. आधार देणारी ब्रा, थंड पट्ट्या. फारच ताण आला तर हलकं वाटेल इतकंच दूध काढायचं. दूध आटवायची गोळी मिळते, पण रक्तदाब वाढलेल्या बाईला ती धोक्याची ठरू शकते. त्यामुळे मेडिकलवाल्याकडून परस्पर नको. ताप आला किंवा छाती लाल झाली तर त्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे.

तिच्या कंपनीत 'सहाच आठवडे रजा' म्हणतात.

सहा आठवडे गर्भपातासाठी आहेत, आणि मातृत्व लाभाच्या कायद्यात (आधी 1961चा कायदा, आता त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता) गर्भपात 26व्या आठवड्यापर्यंतचाच. मृत जन्मलेलं बाळही या कायद्यात मूलच धरलं आहे. म्हणून पूर्ण प्रसूती रजेसाठी लेखी अर्ज करा. अडवलं तर कामगार अधिकाऱ्यांना किंवा वकिलांना विचारा.

धाकटी मुलगी दीड वर्षांची असताना वारली. पाच वर्षांच्या मुलाला 'छकुली मामाकडे गेली' असं सांगितलंय. तो आता अंथरूण ओलं करतो, मामाचा फोन आला की धावत येतो. थोडे दिवस आजोळी पाठवावं का?

नाही. हे जरा सविस्तर सांगते, कारण हा प्रश्न माझ्याकडे नेहमी उशिरा येतो.

तुम्ही लपवताय, पण त्याला दिसतंय. आई रडते, पाळणा माळ्यावर गेलाय, तो खोलीत आला की मोठी माणसं गप्प होतात. खरं कारण मिळालं नाही की या वयाचं मूल स्वतःच कारण जोडतं, आणि त्यात दोषी बहुधा तेच असतं: 'मी तिला ढकललं होतं', 'मला बहीण नको असं म्हणालो होतो'. मनात आणलेलं खरं होतं असं या वयात वाटतं. अशा वेळी त्याला घरापासून दूर धाडलंत तर शिक्षा झाली हे पक्कं. शिवाय मामाकडे गेलेलं माणूस परत येत नाही, हे त्याने नुकतंच पाहिलंय. आणि तुम्ही त्याला तिथेच पाठवणार?

'झोपली' म्हणून सांगितलेली मुलं झोपायला घाबरतात. 'देवाघरी गेली' हे तुमच्या श्रद्धेत बसत असेल तर जरूर सांगा, पण त्याआधी साधं सत्य सांगा: 'छकुली वारली. तिचं शरीर बंद पडलं. तिला आता दुखत नाही, भूक लागत नाही. ती परत येणार नाही. तुझ्यामुळे काहीही झालेलं नाही.' आईने किंवा बाबांनी, जवळ घेऊन. मामाची गोष्ट खोटी होती हेही कबूल करा. ऐकून तो लगेच गाड्या खेळायला जाईल. तो निर्दय नाही, मुलं दुःख घासाघासाने घेतात. 'कायमचं' म्हणजे काय ते लगेच उमगत नाही, म्हणून तो तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारेल. दर वेळी तेच उत्तर द्या. त्याच्यासमोर रडू आलं तर येऊ द्या. तिचे फोटो काढून टाकू नका. शाळेत बाईंना कळवा.

अंथरुणावरून रागावू नका. आधी बालरोगतज्ज्ञांकडून लघवी तपासून घ्या, मग त्याला बालमानसतज्ज्ञांना दाखवा. 'मोठा झाला की विसरेल' म्हणत थांबू नका.

ज्योतिषी म्हणतात दोष आहे, शांत केली नाही तर पुढचंही जाईल.

मनाला बरं वाटतं म्हणून पूजा करायची तर करा. पण 'नाही केलीत तर' म्हणणारा भीती विकतोय, मग तो पत्रिका बघणारा असो की हजारो रुपयांचं 'दुःखमुक्ती शिबिर' विकणारा ऑनलाइन कोच. मूल का गेलं आणि पुढच्या बाळाचा विचार कधी करायचा, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. गरज वाटली तर ते जनुकीय समुपदेशनाला, म्हणजे आनुवंशिक आजारांबद्दलच्या सल्ल्याला, पाठवतील.

जावई आठव्या दिवशी कामावर गेले, रडलेही नाहीत. त्यांना काहीच वाटत नाही का?

वाटतं. पुरुषाला सगळे 'तिला सांभाळ' एवढंच म्हणतात; त्याला 'तू कसा आहेस?' कुणी विचारत नाही. तुम्ही विचारा. दारू वाढली किंवा झोप उडाली असेल तर डॉक्टरांना भेटवा.

बहिणीचा मुलगा जाऊन दीड वर्ष झालं. ती खोलीबाहेर येत नाही, जेवत नाही, 'मलाही त्याच्याकडे जायचंय' म्हणते. घरचे म्हणतात वेळ जाऊ द्या. झोपेच्या गोळ्या शेजारच्यांनी दिल्यात.

दीड वर्ष वेळच तर दिलात! आठवण आयुष्यभर राहते, त्याला आजार म्हणत नाही. पण दीड वर्षानंतरही जेवण-झोप, माणसांत मिसळणं बंद असेल तर त्यावर उपचार असतात. आणि तिचं शेवटचं वाक्य ऐकल्यावर तर एक दिवसही थांबायचं नाही. 'मरावंसं वाटतं का?' असं तिला थेट विचारा. विचारल्याने तो विचार नव्याने डोक्यात शिरत नाही. तिला एकटी ठेवू नका. गोळ्या, कीटकनाशक हाताशी राहू देऊ नका. आजच मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. ते जवळ नसतील तर जिल्हा रुग्णालयात. तोवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर रात्रीसुद्धा मराठीत बोलता येतं. शेजारच्यांच्या गोळ्या तिला देऊ नका, पण किती दिवस घेत होती हे डॉक्टरांना कळायला हवं. म्हणून पाकीट सोबत न्या.