वाचकांचे प्रश्न : हिमगौरीचे पुढे काय झाले?

प्रश्न : ज्या हिमगौरीची गोष्ट ऐकत मी लहानपणी झोपी जात असे, तीच हिमगौरी परवा माझ्या मुलाच्या कॉमिक्समध्ये घटस्फोटित आणि करड्या स्वभावाची अधिकारी म्हणून भेटली, लांडगा तर चक्क खुनाचा तपास करत होता. निरागस परीकथांची ही विटंबना नव्हे काय? आणि रक्तपातच दाखवायचा असेल, तर त्यासाठी हीच पात्रे कशाला हवीत?

उत्तर : ‘निरागस’ या शब्दापाशी थोडे थांबावे लागेल, कारण आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथेच आहे. जर्मनीतील ग्रिम बंधूंच्या परीकथासंग्रहाचा पहिला खंड १८१२ साली निघाला. त्यात हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी तिची सावत्र आई नसून सख्खी आई आहे. सात वर्षांच्या पोरीचे रूप तिला सहन होत नाही, म्हणून ती शिकाऱ्याला तिचे फुप्फुस आणि काळीज आणायला सांगते, आणि त्याने आणून दिलेले रानडुकराचे मांस मुलीचेच समजून मीठ घालून शिजवून खाते. १८१९ च्या आवृत्तीत या सख्ख्या आईची सावत्र आई झाली, पण शेवटी राणीला मिळणारी क्रूर शिक्षा होती तशीच राहिली. फ्रेंच लेखक शार्ल पेरो यांनी १६९७ साली छापलेल्या लाल टोपीवालीच्या गोष्टीत तर सुटका करणारा कोणी येतच नाही. लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट तिथेच संपते. राजपुत्राच्या चुंबनाने जागी होणारी आणि नावे असलेल्या सात बुटक्यांत रमणारी जी हिमगौरी आपल्या मनात आहे, ती बव्हंशी डिस्नेच्या १९३७ च्या चित्रपटातून आलेली आहे. ग्रिम यांच्या कथेत शवपेटी वाहून नेणारे नोकर ठेचाळतात, पेटीला हिसका बसतो आणि घशात अडकलेला सफरचंदाचा तुकडा बाहेर पडल्यामुळे ती जागी होते.

तेव्हा अंधार नवा नाही. नवे आहे ते ‘नंतर’. जुन्या कथेतल्या माणसांना आठवण नसते. विष पाजलेली मुलगी दुसऱ्या दिवशी लग्नाला उभी राहते आणि झाल्या प्रकाराचा तिच्यावर ओरखडाही दिसत नाही. आपण उल्लेखिलेले कॉमिक्स बहुधा अमेरिकन लेखक बिल विलिंगहॅम यांचे ‘फेबल्स’ असावे. २००२ ते २०१५ या काळात त्याचे दीडशे अंक निघाले. आपापल्या राज्यांतून परागंदा झालेली परीकथांतील पात्रे त्यात न्यूयॉर्कमध्ये ओळख लपवून राहतात. विलिंगहॅम यांची मला सर्वांत आवडलेली कल्पना राजपुत्राविषयीची आहे. हिमगौरीच्या गोष्टीतल्या राजपुत्राला नाव नाही, सिंड्रेलाच्याही नाही आणि झोपलेल्या राजकन्येच्याही नाही. मग हे तिन्ही राजपुत्र म्हणजे एकच माणूस असेल तर? तसे असेल तर त्याची तीन लग्ने झाली आणि तिन्ही मोडली. हिमगौरीचा घटस्फोट लेखकाने बाहेरून आणून चिकटवलेला नाही, तो मूळ कथांनी मोकळ्या सोडलेल्या जागेतून आला आहे. माणसाच्या रूपात वावरू न शकणाऱ्या पात्रांचेही तसेच आहे. बोलणारी डुकरे आणि अस्वले शहरात राहिली तर बिंग फुटेल, म्हणून त्यांना दूर एका शेतावर ठेवले जाते आणि बाहेर पडू दिले जात नाही. ती बंड करतात, त्यात रक्त सांडते, आणि वाचकाला त्यांची बाजू पटत असतानाच त्यांची भीतीही वाटते. याला मी विटंबना म्हणणार नाही. प्राणी बोलतात ही गोष्ट लेखकाने अगदी गांभीर्याने घेतली आहे, इतकेच.

हीच पात्रे का, याचे एक कारण व्यावहारिक आहे : ती कोणाच्याही मालकीची नाहीत. चित्रपटातील बुटक्यांची नावे वापरायला परवानगी लागेल, पण ग्रिम यांच्या हिमगौरीला लागत नाही. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. वाचकाला गोष्ट आधीच पाठ असते. लाल टोपी दिसली की लांडगा येणार हे त्याला ठाऊक असते, त्यामुळे भीतीची पूर्वतयारी लेखकाला करावी लागत नाही. ती वाचकाच्या लहानपणीच झालेली असते.

आपली नाराजी मात्र सर्वस्वी चुकीची आहे, असे मी म्हणणार नाही. सिंड्रेलाला तोकडे कपडे घालायचे, हातात रक्ताळलेला सुरा द्यायचा आणि मुखपृष्ठ खपवायचे, असाही या प्रकाराचा मोठा भाग आहे. तिथे पात्राचे नाव बदलून दुसरे घातले तरी काही बिघडत नाही, आणि हीच माझी कसोटी आहे. ग्रिम यांच्या सिंड्रेलाच्या बहिणी बूट पायात बसावा म्हणून एक अंगठा आणि दुसरी टाच कापून घेते, आणि हे आईच्या सांगण्यावरून घडते. राणी झाल्यावर चालण्याची गरज पडणार नाही, असे ती मुलींना समजावते. या आईवर प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याला सुऱ्याचा देखावा करण्याची गरजच पडणार नाही.

प्रश्न : शब्दांत वाचलेली क्रूरता सोसवते, चित्रांत ती भडक होते. मग कॉमिक्स हे माध्यम अशा कथांना मारकच नाही का?

उत्तर : चित्रकाराने सगळेच दाखवले तर मारक ठरते. हिमगौरीच्या लग्नातला शेवट पाहा. लोखंडी जोडे निखाऱ्यांवर तापवून ठेवलेले आहेत, ते चिमट्याने धरून राणीसमोर आणले जातात आणि मरून पडेपर्यंत तिला त्यांत नाचावे लागते. मूळ कथेत हे दोन-तीन वाक्यांत उरकले आहे. चित्रकार पहिल्या चौकटीत चिमटा आणि लाल झालेले जोडे दाखवू शकतो, दुसऱ्या चौकटीत फक्त हिमगौरीचा चेहरा, आणि मग पान उलटायला लावून रिकामा झालेला दिवाणखाना. नाच त्या पानाच्या आत, वाचकाच्या मनात घडतो. हिमगौरी त्या वेळी हसत होती की मान फिरवून उभी होती, हे ग्रिम सांगत नाहीत. चित्रकाराला मात्र तिचा चेहरा काढायचा असल्यामुळे काहीतरी ठरवावेच लागते. नवी कथा बहुतेकदा इथेच जन्म घेते.

कॅनडाच्या चित्रकार-लेखिका एमिली कॅरोल यांच्या २०१४ सालच्या संग्रहाच्या शेवटी लाल टोपीवालीची आठवण करून देणारी काही पाने आहेत. मुलगी जंगल ओलांडून सुखरूप पोहोचते, आई तिला अंथरुणात झोपवते, आणि मग खिडकीशी लांडगा येतो. इतकेच घडते, आणि रक्ताचा एक थेंबही सांडत नाही. ते पान मिटल्यावर मी बराच वेळ खोलीतला दिवा घालवला नव्हता.

प्रश्न : अशी कॉमिक्स मुलांना वाचू द्यावीत का?

उत्तर : ‘फेबल्स’ प्रौढ वाचकांसाठीच काढलेले आहे आणि ते दहा-बारा वर्षांच्या मुलाला देऊ नये. त्या वयात ग्रिम यांच्या मूळ कथा जरूर द्याव्यात, पण आधी आपण स्वतः वाचून. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने असे कॉमिक्स आधीच मिळवले असेल, तर ते काढून घेण्याऐवजी जुनी कथा त्याच्या शेजारी ठेवावी आणि लेखकाने कोणता धागा कुठून उचलला, हे दोघांनी मिळून शोधावे. आपल्या मुलाला राजपुत्राच्या तीन लग्नांचे कोडे आधी स्वतःच सोडवू द्या.