अक्षरं कुठे मोजायची, मात्रा कुठे?

प्रश्न : मी मराठी विषयात सेटची (प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षेची) तयारी करते. वृत्त ओळखताना हिशेब हमखास चुकतो. शिवाय ओवी-अभंग दिसला की संतकाव्य आणि श्लोक-आर्या दिसली की पंडिती (संस्कृत वळणाचं) काव्य, असं लिहिलं तर चालेल का?

उत्तर : अभंगात अक्षरं मोजतात, आर्येत मात्रा. इथे गल्लत झाली की पुढचं सगळं फसतं.

‘सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवोनिया’ : तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारचा, यमक दुसऱ्या-तिसऱ्याला. हा मोठा अभंग. ‘ध्या’ हे जोडाक्षर असलं तरी अक्षर एकच, आणि ऱ्हस्व-दीर्घाकडे इथे पाहायचंच नाही. ‘जे का रंजले गांजले । त्यासी म्हणे जो आपुले’ हा लहान अभंग. आठ-आठ अक्षरं, शेवटी यमक. ज्ञानेश्वरीतल्या ओवीचे पहिले तीन चरण सयमक, चौथा आखूड आणि मोकळा. तिची अक्षरसंख्या ठरलेली नसते, तेव्हा तिथे बोटांवर मोजत बसू नका.

मात्रा म्हणजे अक्षर उच्चारायला लागणारा वेळ. आर्येत लघू (ऱ्हस्व) अक्षराची 1 मात्रा, गुरूच्या (दीर्घाच्या) 2. जोडाक्षराचा आघात मागच्या ऱ्हस्वावर आला की तेही गुरू होतं. ‘तुझ्या’मध्ये आघात नाही, म्हणून ‘तु’ लघूच राहतो. ‘सुश्लोक वामनाचा’ यात 5 आणि 7, मिळून 12. ‘सु’ला एकच मात्रा दिली की बेरीज 11 येते, घोळ होतो तो इथेच. पुढच्या ‘अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची’ यात 18. चरण 12, 18, 12, 15 असतील तर आर्या. शेवटीही 18 भरल्या तर गीती. मोरोपंतांच्या म्हणून आपण ज्या ‘आर्या’ म्हणतो, त्यांतल्या बहुतेक गीतीच आहेत. शेवटचा चरण मोजल्याशिवाय नाव लिहू नका.

राहिला काळ, म्हणजे संतकाव्य की पंडिती काव्य हे ठरवणं. तुमचं समीकरण चालणार नाही. रामदासांचा दासबोध ओवीत, तर मनाचे श्लोक भुजंगप्रयात या वृत्तात. मुक्तेश्वर आणि श्रीधर यांना पंडित कवींत गणतात, पण त्यांची मुख्य आख्यानं ओवीबद्ध. शाहीर राम जोशी तर मोरोपंतांचे (1729–1794) समकालीन, आणि त्यांच्या आर्या कीर्तनात म्हणणारे. म्हणजे ‘पंडिती’ आणि ‘शाहिरी’ हे कप्पे एकाच काळात शेजारी शेजारी उभे आहेत. काळ ठरवायचा तो कवीच्या हयातीवरून किंवा ग्रंथातल्या शकावरून. शकात साधारण 78 मिळवले की इसवी सन येतो : ज्ञानेश्वरीचा शके 1212, म्हणजे 1290.