दारात उभ्या असलेल्या आईला

पत्र: माझी मुलगी २९ वर्षांची आहे. नोकरी हिशेबाची, पण रात्री आणि सुट्टीच्या दिवशी ती कॉम्प्युटर जोडते. एकेक सुटा भाग मागवते, त्याबद्दल तासन्‌तास वाचते आणि मग टेबलावर सगळं मांडून बसते. आतापर्यंत स्वतःचा एक आणि मैत्रिणींचे तीन जोडलेत. मी दारात उभी राहून बघते आणि थक्क होते. कुठलाही भाग उचलण्याआधी ती कॉम्प्युटरच्या पेटीच्या, म्हणजे कॅबिनेटच्या, पत्र्याला हात लावते, तेही मी बघितलंय. मी आयुष्यभर शिवणकाम केलं, मला यातलं काय कळणार? एकदा मी विचारलं, "तयार मिळतो की, मग एवढा खटाटोप कशाला?" तिचा चेहरा पडला. तेव्हापासून ती त्याबद्दल माझ्याशी बोलत नाही. मला तिचं किती कौतुक वाटतं ते कसं सांगू? जे कळत नाही त्याचं कौतुक खोटं वाटेल ना?

ताई,

तुमच्या पत्रातल्या पत्र्याला हात लावण्याच्या त्या एका वाक्यावर मी बराच वेळ थांबले. मुलीच्या कामातली इतकी बारीक गोष्ट दारातून टिपणाऱ्या बाईला "मला काय कळणार" असं वाटावं, याचं मला वाईट वाटलं.

ती असं का करते ते आधी सांगते. चालता-बसताना आपल्या अंगावर स्थिर वीज साठते. ती सुमारे ३००० व्होल्टच्या खाली असेल तर बोटातून निसटतानाही आपल्याला जाणवत नाही. चिप मात्र त्याहून कितीतरी कमी विजेने कायमची निकामी होऊ शकते, आणि वरून डागसुद्धा दिसत नाही. म्हणून धातूला हात लावून ती वीज आधी सोडून द्यायची. मुलगी दर वेळी आठवणीने हे करते, याचा अर्थ तिच्या हाताला वळण लागलंय. हाताला वळण लागायला काय लागतं, हे शिवणकाम केलेल्या बाईला मी काय सांगणार?

आणखी एक सांगते, म्हणजे पुढच्या वेळी बघताना तुम्हाला ओळख पटेल. प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जोडायच्या मुख्य पाटीवर, ठेवताना ती अजिबात जोर लावणार नाही. कोपऱ्यावरची त्रिकोणी खूण जुळवून तो नुसता अलगद टेकवायचा असतो. प्रोसेसर बसतो त्या जागेला सॉकेट म्हणतात; हल्लीच्या एका प्रचलित सॉकेटात १७१८ बारीक टोकं असतात आणि त्यातलं एक वाकलं तरी काम बिघडू शकतं. नंतर वरची कडी दाबताना मात्र करकर आवाज येतो, नवख्याच्या छातीत धस्स होतं, पण तिथे दाबावंच लागतं. रॅमची, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या स्मृतीची, पट्टीही टक्‌ आवाज येईपर्यंत घट्ट दाबायची. कुठे हात हलका ठेवायचा आणि कुठे नेटाने दाबायचं, हे पुस्तकात वाचून अर्धंच समजतं. रेशमावर आणि जाड कापडावर तुमचा हात सारखा चालत होता का?

आता त्या प्रश्नाबद्दल. तुम्ही तो वाईट हेतूने विचारला नाहीत, पण तो लागला, आणि का लागला ते तुम्हाला सहज कळेल. तुम्ही रात्र जागून शिवलेला कपडा हातात घेऊन कुणी "असा तयार मिळतो की" म्हणालं असतं तर? तयार कॉम्प्युटरमधले भाग दुसऱ्या कुणीतरी ठरवलेले असतात. तुमच्या मुलीने पडद्यावर चित्र उभं करणारं ग्राफिक्स कार्ड कॅबिनेटमध्ये लांबीला मावेल का, ते सगळ्यांना वीज पुरवणाऱ्या पॉवर सप्लायला पेलेल का, गरम हवा कुठून बाहेर जाईल, हे सगळं आधी कागदावर जुळवलंय. हिशेबाची नोकरी करणारी मुलगी आहे, तो हिशेब तिने आनंदाने केला असेल. शिवाय चार वर्षांनी एखादा भाग कमी पडला तर तेवढाच बदलता येतो, उसवून पुन्हा शिवावं तसा. आणि हा खटाटोप नवाही नाही. १९७५ साली आल्टेअर ८८०० नावाचा कॉम्प्युटर सुट्या भागांचा संच म्हणून विकला गेला. हौशी लोक घरी बसून, डाख देऊन तो जोडत. त्याला पडदा नव्हता, कीबोर्ड नव्हता, समोर नुसते खटके आणि दिवे. कॉम्प्युटर लोकांच्या घरात शिरला तो बराचसा अशा हातांमुळे.

म्हणून पहिलं काम, तो प्रश्न परत घ्या. लांबण लावू नका. "त्या दिवशी मी चुकीचं बोलले, तुझ्या मेहनतीकडे बघून बोलायला हवं होतं," एवढं पुरे. ती "जाऊ दे गं" म्हणेल. तरी म्हणाच.

मग कौतुकाचे शब्द शोधत बसू नका, बघितलेलं सांगा. "तू दर वेळी पत्र्याला हात लावतेस, ते मला फार आवडतं." हे खोटं कसं वाटेल? ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. तिला त्यातून कळेल की आई इतके दिवस दारातून आपले हात बघत होती. त्यानंतर विचारा, "या वेळी सगळ्यात अवघड काय गेलं?" आणि उत्तरातले अर्धे शब्द कळले नाहीत तरी मध्येच मान डोलावू नका, "थांब, हे परत सांग" म्हणा. ज्याला आवड असते त्याला परत सांगायला कंटाळा येत नाही.

दोन गोष्टी मात्र टाळा. "यातून दोन पैसे मिळव" हा सल्ला देऊ नका. ती आपणहून तिकडे वळली तर गोष्ट वेगळी. आणि तिचं कौतुक तिच्या कानावर तिसऱ्याकडून पडू देऊ नका. आधी तिला सांगा, मग जगाला.

पुढचा कॉम्प्युटर जोडेल तेव्हा दारातून आत या आणि बॅटरी धरू का विचारा. कॅबिनेटच्या बटणाच्या बारीक तारा मदरबोर्डच्या अंधाऱ्या कोपऱ्यात लावायच्या असतात, तिथे दुसऱ्याने धरलेल्या उजेडाची खरंच गरज पडते. आणि पहिल्यांदा बटण दाबेल तेव्हा तिच्या शेजारी बसा. नव्या पद्धतीची रॅम असेल तर पहिल्या वेळी ती जुळवून घ्यायला कॉम्प्युटर काही मिनिटंही घेतो. पंखे फिरतात, पडदा मात्र काळाच राहतो. जोडणाऱ्याचा जीव तेव्हा टांगणीला लागलेला असतो. "बंद पडला का?" असं विचारू नका. पडदा उजळेपर्यंत तिच्याबरोबर गप्प बसून राहा.

तुमची,
ताई