फसल्यानंतर माणसे कशी पाहावीत?

प्रश्न : माझे खानापुरात किराणा दुकान आहे. काही वर्षांपूर्वी एका सौहार्द पतसंस्थेत ठेवलेली रक्कम बुडाली. संचालकांमध्ये आमच्या रोजच्या बैठकीतली माणसे होती. तेव्हापासून मी उधारी बंद केली, भिशी सोडली आणि महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाच्या मोर्चांनाही जाईनासा झालो, कारण जो तो स्वतःपुरते पाहतो, अशी माझी खात्री झाली आहे. मुलगी म्हणते, 'बाबा, तुम्ही कडवट झालात.' माझ्या मते मी वास्तववादी झालो आहे. आमच्यापैकी कोणाचे खरे?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : पतसंस्थेपुरते तुमचे खरे आहे. बँकेतील ठेवींना, त्यात सहकारी बँकाही आल्या, 2020 पासून 5 लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थांना ते नाही. तेव्हा ओळखीवर विसंबून मोठी रक्कम तेथे ठेवू नये, हा तुम्ही काढलेला निष्कर्ष वास्तवाला धरून आहे आणि त्यासाठी कोणाच्या मनात काय होते, हे ठरवत बसण्याची गरजही नाही.

सीमाप्रश्नाचेही तसेच. या वादावर नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल 1967 मध्ये आला, महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, आणि निकाल अजून लागलेला नाही. म्हणून 'पुढल्या वर्षी नक्की' असे व्यासपीठावरून सांगणाऱ्यावर विश्वास न ठेवणे योग्यच आहे. परंतु मोर्चात उन्हातान्हात चालणारा प्रत्येक जण काही तरी पदरात पाडून घेण्यासाठीच चालतो, हे तुम्ही कशावरून ठरवले? येथे तुम्ही घडलेल्या गोष्टींबद्दल बोलणे सोडून इतरांच्या हेतूंबद्दल बोलू लागता, आणि ही दोषैकदृष्टी, म्हणजे फक्त दोषच पाहणारी नजर आहे.

या दृष्टीची खरी अडचण अशी, की तिची चूक तिला कधीच कळत नाही. उधार दिले आणि बुडाले, तर ते वहीत दिसते; उधार दिलेच नाही, तर तो गिऱ्हाईक सुगीनंतर पैसे आणून देणार होता की नाही, हे कोणत्याच वहीत दिसत नाही. त्यामुळे फसवणुकीचे अनुभव तेवढे जमेस राहतात आणि संशय वर्षानुवर्षे पक्का होत जातो. 2019 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात भारतासह 40 देशांत 17 हजारांहून अधिक पाकिटे 'सापडली' म्हणून बँका, टपाल कार्यालये, हॉटेले अशा ठिकाणी कर्मचाऱ्यांच्या हाती देण्यात आली. पैसे असलेली पाकिटे कमी परत येतील, असा सर्वसामान्यांचा अंदाज होता; ती अधिक परत येतील, हे अर्थतज्ज्ञांनाही ओळखता आले नव्हते. प्रत्यक्षात रिकाम्या पाकिटांपेक्षा पैशांची पाकिटेच अधिक प्रमाणात मालकापर्यंत पोहोचली. पुष्कळ पाकिटे परत आली नाहीत, हेही तितकेच खरे.

दुधाने तोंड पोळल्यावर ताक फुंकून प्यावे, हे ठीक; तुम्ही ताकच सोडले आहे. दुकानाच्या जुन्या वह्या काढा आणि पतसंस्था बुडण्यापूर्वीच्या उधारीतील किती रक्कम वेळेवर आली, किती उशिरा आली आणि किती बुडाली, हे मुलीला सोबत घेऊन मांडा. ज्यांची परतफेड चोख होती, त्यांची उधारी ठरावीक मर्यादेत पुन्हा सुरू करा, ज्यांची नव्हती त्यांना रोखीनेच माल द्या. भिशीत मात्र, उचल घेतलेल्यांनी पुढचे हप्ते भरले की नाही, याची नोंद सर्वांसमोर वाचली जात असेल, तरच परत जा.