ट्रॅव्हल टीमसाठी 529 थांबवायचं का?

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका ताईंचं पत्र आलंय. मुलगा दहा वर्षांचा, तीन वर्षं गावच्या लिटल लीगमध्ये बेसबॉल खेळतोय. हंगामाची फी 200 डॉलर. आता एका कोचने त्याला ट्रॅव्हल टीममध्ये, म्हणजे गावोगावच्या स्पर्धांत खेळणाऱ्या निवडक मुलांच्या संघात, बोलावलंय, तिथे वर्षाला 2,800. नवरोबांचं म्हणणं, मुलाच्या कॉलेजसाठीच्या 529 बचत खात्यात दरमहा जाणारे 450 डॉलर काही वर्षं थांबवू. पुढे कॉलेजात बेसबॉलची स्कॉलरशिप मिळाली की वसूल.

ताई, 2,800 हा आकडा फक्त दारातला. तुम्हीच लिहिलंय की चार स्पर्धा बाहेरगावी आहेत. दोन-दोन रात्री, 170 डॉलरची खोली म्हटली तरी 1,360 झाले. शिवाय पुष्कळ स्पर्धांत आयोजक सांगतील त्याच हॉटेलात उतरावं लागतं, म्हणजे स्वस्त खोली शोधायची सोयच नाही. गणवेश आणि बॅग 400, पेट्रोल-खाणं आणि मैदानाच्या दारात पालकांनी भरायचं तिकीट धरून 500. राहिली बॅट. लिटल लीगला 2018पासून यूएसए बेसबॉलचा शिक्का असलेली बॅट लागते. ट्रॅव्हलच्या बऱ्याच स्पर्धांत यूएसएसएसए या दुसऱ्या संघटनेच्या शिक्क्याची चालते. तिच्यावरून चेंडू जोरात सुटतो, त्यामुळे सगळी पोरं तीच आणतात. घरात असलेली बॅट कोपऱ्यात आणि नवीचे 350. एकूण 5,410. तुमचे 450 गुणिले बारा किती होतात बघा: 5,400!

तेच 450 आठ वर्षं, वार्षिक 6 टक्के धरून, सुमारे 55,000 डॉलर होतात. परतावा कमी-जास्त होईल, पण समोर ठेवायला हा आकडा बरा.

आता स्कॉलरशिप. डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळांतल्या सगळ्यात वरच्या गटातल्या, बेसबॉल संघाला अनेक वर्षं जेमतेम 11.7 स्कॉलरशिपा मिळायच्या आणि त्या तुकडे करून संघभर वाटल्या जायच्या. कॉलेज खेळांची संघटना एनसीएए हिच्यावरच्या खटल्यात 2025 साली तडजोड झाली, त्यानंतर त्यात सामील झालेल्या कॉलेजांना 34 जणांच्या संघात सगळ्यांना देता येते. देता येते, द्यावीच लागते असं नाही. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाची स्कॉलरशिप नसतेच. आयव्ही लीग या नामांकित विद्यापीठांच्या गटातही नसते, म्हणजे तुमच्या शेजारचं प्रिन्स्टन गेलंच. नवरोबांना एवढंच सांगा: हा खर्च आहे, गुंतवणूक म्हणू नका. हौसेचा खर्च करायला माझी ना नाही, पण तो हौसेच्या पैशातून.

पत्रात शेवटी तुम्ही सहज लिहिलंत, रविवारची मराठी शाळा बुडेल आणि धाकटीला सगळीकडे बरोबर न्यावं लागेल. मला तर पत्रातली हीच खरी ओळ वाटली. माझी मुलगी लिटल लीगमध्ये होती तेव्हा मी स्नॅक स्टँडवर तीन-तीन तास हॉट डॉग भाजलेत (पाळी चुकवली की डिपॉझिट गेलं), पण रात्री घरी जेवायला असायचो. ती लीग स्वयंसेवक चालवतात, कधी कोच म्हणजे कुणाचा तरी बाबा असतो, शिकवणं यथातथा. तुमची ती तक्रार मला मान्य आहे.

म्हणून माझं मत: अजून एक वर्ष गावची लीग, 529 जसं चालू आहे तसं, आणि शिकवण्यासाठी उन्हाळ्यात दिवसाचा बेसबॉल कँप. तुम्ही दोघं नोकरी करता, मुलगा तेराच्या आतला, म्हणजे कंपनीत डिपेंडंट केअर एफएसए (मुलं सांभाळण्याच्या खर्चासाठी पगारातून करमुक्त पैसे बाजूला ठेवायचं खातं) असेल तर कँपची फी त्यातून करमुक्त जाते. 2026पासून त्याची मर्यादा 5,000वरून 7,500 डॉलर झाली आहे. रात्री राहण्याचा कँप मात्र त्यात बसत नाही, आणि नोंदणी बहुतेक कंपन्यांत वर्षाअखेरीसच उघडते, तेव्हा एचआरला आधी विचारून ठेवा.

पुढच्या वर्षी त्यानेच हट्ट धरला, तर दोघांच्या बोनसमधून 5,400 बाजूला काढा आणि जाऊ द्या त्याला. बॅट तेवढी शेवटी घ्या, निवड झाल्यावर. या वयात पोरं भराभर वाढतात आणि आज घेतलेली बॅट वर्षाभरात लहान पडते.