दिवाळीनंतरही अंडी देणाऱ्या कोंबड्या आणि पैदाशीची निवड

प्रश्न : आमच्याकडे ६० गावरान कोंबड्या आहेत. दिवाळीनंतर बहुतेक कोंबड्यांची अंडी बंद होतात, पण पाच-सहा कोंबड्या दिवा न लावताही सुरूच राहतात. आम्ही दिवा लावावा, की याच कोंबड्यांची पिल्ले वाढवावीत? (अकोले तालुका)

उत्तर : दोन्ही करावे, परंतु निवड आधी आणि दिवा नंतर. कोंबडीला प्रकाशाची जाणीव केवळ डोळ्यांनी होत नाही. कवटीतून आत झिरपणारा प्रकाश थेट मेंदूतील संवेदी पेशींपर्यंत पोहोचतो आणि दिवस मोठा झाला की तेथूनच अंडाशयाला चालना देणारी संप्रेरके सुटतात. आपल्याकडे डिसेंबरात दिवस सुमारे ११ तासांचा, तर जूनमध्ये सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. त्या आखूड दिवसातही जी कोंबडी अंड्यावर राहते, तिचा हा गुण काही अंशी आनुवंशिक असू शकतो. सर्वांना १४ ते १६ तास प्रकाश मिळू लागला, की कमकुवत कोंबडीही अंडी देऊ लागते आणि हा फरक झाकला जातो.

मात्र घाई करू नये. त्या पाच-सहा कोंबड्या यंदाच्या तलंगा (पहिल्यांदाच अंड्यावर येणाऱ्या तरुण माद्या) असतील, तर त्यांची अंडी वयामुळेही सुरू असू शकतात, कारण जुन्या कोंबड्या याच सुमारास पिसे झाडतात आणि अंडी थांबवतात. म्हणून एकाच वेळी उबवलेल्या आणि एकच खाद्य खाणाऱ्या कोंबड्यांचीच तुलना करावी, त्यांच्या पायांत रंगीत कडी घालावीत आणि कोणती कोंबडी घरट्यात बसून अंडे देते ते पाहून कार्तिक ते पौष नोंद ठेवावी. अंड्यांच्या संख्येची आनुवंशिकता फार मोठी नसते. एका वर्षात चमत्कार होणार नाही.

शेतकरी बहुधा विसरतात तो कोंबडा. तो स्वतः अंडी देत नसला, तरी निम्मा वारसा त्याचाच असतो. म्हणून कोंबडा निवडताना त्याच्या तुऱ्यापेक्षा त्याच्या आईची नोंद पाहावी. त्याला त्याच्या आईशी वा बहिणींशी जोडू नये. चांगल्या कोंबडीचा मुलगा शेजारच्या कळपाशी अदलाबदल करून घ्यावा आणि साधारण १० माद्यांमागे एक नर ठेवावा. वनराजासारख्या संकरित पक्ष्यांच्या अंड्यांपासून पैदास करू नये, कारण पुढच्या पिढीत त्यांचे गुण विखुरतात. केवळ अंड्यांवर निवड केली, तर खुडूक बसण्याची (अंडी उबवायला बसून राहण्याची) वृत्तीही हळूहळू कमी होते. उबवणी यंत्र नसल्यास दोन-तीन चांगल्या खुडूक कोंबड्या राखून ठेवाव्यात.

संक्रांतीनंतर, नोंद पुरी झाल्यावर, दिवा पहाटे लावून दर आठवड्याला अर्धा तास वाढवावा आणि अंडी सुरू असेपर्यंत प्रकाश कमी करू नये. वाढत्या तलंगांना मात्र १८ आठवड्यांपूर्वी वाढता प्रकाश देऊ नये. त्या लवकर अंड्यावर येतात, अंडी लहान पडतात आणि मागचा भाग बाहेर येण्याचा धोका वाढतो.