डेन्मार्कचा पीटर थोरुप रॉक गायक होता की ब्लूज?

मुळात ब्लूजच, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या परंपरेतलं गाणं; रॉक त्यावर चढत गेला. ब्रिटिश ब्लूज गायक-गिटारवादक अलेक्सिस कॉर्नरच्या तबकड्या ऐकताना मला थोरुपचा शोध लागला. थोरुप आधी कोपनहेगनच्या बीफीटर्स बँडमध्ये होता. १९६९ मध्ये तो कॉर्नरसोबत न्यू चर्च या बँडमध्ये आला, पुढे सीसीएस हा बँड, मग १९७२ मध्ये किंग क्रिमसन या ब्रिटिश रॉक बँडमधून बाहेर पडलेल्या तिघांना घेऊन उभा राहिलेला स्नेप हा बँड. कॉर्नरचा खरखरीत, बोलल्यासारखा आवाज आणि त्याच्याशेजारी थोरुपचा मोकळा, भरदार आवाज! ही जोडी ऐकाच. फक्त सीसीएसवरून त्याला जोखू नका. कारण तिथे ब्रास म्हणजे ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांचा मोठा ताफा आहे. नंतर तो २००७ मध्ये मृत्यू येईपर्यंत डेन्मार्कमध्ये गात राहिला.